बाहेरून न दिसणारी अक्षरं

प्रयोगशाळेत तिच्या कामाला सगळे 'गळती' म्हणत. नव्यानं रुजू झालेल्या माणसाला वाटे, या बाई नळदुरुस्तीचं बघतात. गळती होती ती उजेडाची. चष्म्याच्या काडीत मोहरीएवढा दिवा बसवलेला असे. त्याचा प्रकाश भिंगाच्या काचेत शिरायचा, काचेच्या दोन बाजूंवर आपटत आपटत पुढे सरकायचा आणि डोळ्यासमोर आला की तिथं कोरलेल्या बारीक रेघांवरून आत वळायचा. चष्मा घालणाऱ्याला समोर हवेत हिरवी अक्षरं तरंगताना दिसायची. पण सगळाच प्रकाश शहाण्यासारखा आत वळत नाही. थोडा बाहेर निसटतो, आणि समोर बसलेल्याला काचेत हिरवट चमक दिसते, अंधारात मांजराच्या डोळ्यांत दिसते तशी. ही चमक नाहीशी करणं हे तिचं काम.

"तू दिवे विझवायचा पगार घेतेस," फ्रेमचं काम बघणारा जाड्या तिला म्हणायचा. "आमच्या इमारतीचा वॉचमन हेच काम करतो, तेही झोपेत."

"त्याच्याकडं बटण आहे," ती मान वर न करता म्हणायची. "मला तेही नाही."

बाहेरून काही दिसता कामा नये ही अट कंपनीची होतीच. पण तिच्यापुरती ती एकाच माणसाची होती.

तिचा नवरा शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचा. सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि गमतीगमतीत तीही म्हणायला लागली होती. मास्तरांच्या कानांतल्या नसा एकामागून एक मेल्या. कानात घालायची यंत्रं आणून झाली. "आवाज मोठा होतो," ते म्हणाले, "शब्द होत नाही." तरी रेटून शिकवत राहिले. मग एक दिवस वर्गातल्या एका पोरानं नुसतेच ओठ हलवून शंका विचारली. मास्तर दोन पावलं पुढं जाऊन वाकून ऐकू लागले. पोरानं पुन्हा ओठ हलवले. वर्ग हसला, ते मात्र त्यांना ऐकू आलं नाही, दिसलं. त्या वर्षाअखेर त्यांनी नोकरी सोडली.

बोललेलं लिहून दाखवणारी साधनं तेव्हाही मिळत होती. कपाळावर पट्टा, कानामागून वायर, समोर काचेचा तुकडा. मास्तरांनी एक घालून आरशात पाहिलं आणि काढून ठेवलं. "त्यापेक्षा गळ्यात पाटी अडकव. बहिरा आहे, जपून बोला."

म्हणून ती गळतीच्या मागं लागली होती.

घरानं तोवर आपल्या सवयी लावून घेतल्या होत्या. 'अहो' म्हणून उपयोग नव्हता, तेव्हा टेबलावर बोटानं टकटक करायची, लाकडातून हाताला कळायचं. सांगायचं ते समोर जाऊन, तोंड उघडून, मोठ्यानं. भाजीत मीठ कमी आहे हेही आग लागल्यासारखं ओरडून सांगायचं. आणि जे सांगायचं नाही, त्याच्यासाठी दुसऱ्या खोलीत जायची गरजच उरली नव्हती. मुलगी, जिला लहानपणापासूनच्या बडबडीमुळं मास्तर टिटवी म्हणत, ताटात बघत खुशाल म्हणायची, "आई, बाबांना सांगू नकोस, पण मी परीक्षेला बसत नाहीये." बाबा हातभर अंतरावर भात कालवत असायचे. वाईटपणा नव्हता त्यात. दार उघडं आहे की लावलेलं, हे दोघी विसरून गेल्या होत्या, इतकंच.

शेवटी चष्मा झाला. अंधाऱ्या खोलीत समोर बसून जाड्यानं डोळे फाडफाडून पाहिलं आणि हात वर केले. चमक नव्हती. मग तिनं मास्तरांच्या जुन्या काळ्या फ्रेमची मापं आणून तिची हुबेहूब नक्कल करून घेतली. मास्तर विचार करताना उजव्या काडीचं टोक चावत, तिथं दातांचे व्रण होते. तेही हवेत म्हणाली.

"दुसऱ्याच्या नवऱ्याचे दात कोरायचेच राहिले होते माझ्या आयुष्यात," जाड्या म्हणाला. पण कोरले त्यानं, भिंगाखाली धरून.

पहिल्या संध्याकाळी मास्तर तो घालून वर्तमानपत्र वाचत बसले. टिटवी मुद्दाम त्यांच्या मागं जाऊन पुटपुटली, "बाबांचं पोट काय सुटलंय!"

"तुझ्या आजोबांकडून आलंय," मास्तर पान उलटत म्हणाले. "वाट बघ, तुझ्याकडंही येईल."

टिटवी किंचाळली. मग तिनं बापाच्या गळ्यात हात टाकले आणि बोलतच सुटली, इतकी की मास्तर म्हणाले, "सावकाश गं, ओळी पळतायत." पुढचे काही आठवडे घर हलकं झालं. मास्तर रोज एखादी चूक शोधून बायकोला सांगायचे, आणि सांगताना शाळेतल्यासारखे खुलायचे. "आज यंत्रानं तुझ्या शिंकेचं वाक्य केलं. व्याकरण बरोबर होतं." एकदा ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. काही न ठरवता, नेहमीच्या बारीक आवाजात तिनं विचारलं, "चहा घेणार?"

"अर्धा," मागून उत्तर आलं.

गॅस लावायचा सोडून ती तशीच उभी राहिली. आपला हा आवाज कसा आहे, हे ती विसरून गेली होती.

तिची धाकटी बहीण भेटायला आली तो सुट्टीचा दिवस होता. दुपारी तिघं जेवणाच्या टेबलाशी बसली होती. दोघी मटार सोलत होत्या आणि मास्तर संत्रं. टिटवी बाहेर गेली होती. चष्मा अर्धा दिवसच चालायचा, मग चार्ज करायला फडताळातल्या स्टँडवर ठेवावा लागे. बसण्याआधी तिनं सवयीनं तिकडं नजर टाकली होती. स्टँडवर चष्मा होता. म्हणजे मास्तरांच्या डोळ्यांवर जुना.

"ताई, वाळलीस गं," धाकटी म्हणाली. मग मेहुण्याकडं बघून नुसतं हसली. मास्तरांनी संत्र्याची फोड तिच्यापुढं केली. "भाऊजी मात्र खुशीत दिसतात."

"असणारच. एवढा खटाटोप मी त्यांच्यासाठी मांडलाय."

"लोक किती कौतुक करतात माहितेय? नवऱ्यासाठी बाई शोध लावते म्हणून. आमचे हे तर रोज ऐकवतात मला."

ती हसली. एक शेंग सोलली, दाणे वाटीत टाकले. आणि मग, धाकटी समोर होती म्हणून असेल, किंवा दुपार शांत होती म्हणून, ती बोलायला लागली. आवाज न चढवता, खाली बघत.

"तुला खरं सांगू? मला ओरडायचा कंटाळा आलाय. प्रेमाचं काही ओरडून सांगता येत नाही गं. पहिल्यांदा सांगून बघितलं. मग ते राहिलंच. ऑफिसातून निघताना रोज वाटतं, घरी कुणी नसावं. म्हणजे हे नसावेत. मग मी भाजी घेते आणि येते."

"ताई."

"यांना सोडून जायची हिंमत नव्हती. बहिऱ्या माणसाला टाकून गेली म्हणतील. पण हा चष्मा नीट चालला ना, की यांचं माझ्यावाचून काही अडणार नाही. दुकानात जातील, गप्पा मारतील. मग मी सुटले. खरंच, मग मी सुटले."

बोलल्यावर ती स्वतःच दचकली. हे आपल्या मनात होतं, हे तिला या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. धाकटीनं मटाराच्या साली एका बाजूला लोटल्या.

मास्तरांनी टेबलावर टकटक केली. तिनं वर पाहिलं.

"शेवटचं वाक्य दोनदा उमटलं," ते म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा, किंचित मोठा आवाज. "ते तू दोनदा म्हणालीस, का यंत्राची चूक आहे?"

तिनं त्यांच्या डोळ्यांकडं पाहिलं, काचांकडं पाहिलं. काचेत खिडकी दिसत होती आणि ती स्वतः. हिरवं काही नव्हतं. मघाशी दोन चष्म्यांत गल्लत होऊन मास्तरांनी जुनाच स्टँडवर ठेवला होता आणि नवा घातला होता. त्यात डाव नव्हता. दोन्ही इतके सारखे होते की त्यांनाही अक्षरं उमटल्यावरच कळलं असणार.

यंत्राची चूक म्हटलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती. पण आपण मोजलेल्या गोष्टीचं खापर तिनं आजवर कधी यंत्रावर फोडलं नव्हतं.

"दोनदा म्हणाले," ती म्हणाली.

"बरं." त्यांनी उरलेलं संत्रं बशीत ठेवलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि उठून आत गेले. धाकटी दोन्ही हातांनी तोंड झाकून बसली होती.

संध्याकाळी ती त्यांच्यामागं आतल्या खोलीत गेली. त्यांच्या डोळ्यांवर जुना चष्मा होता. तिनं माफी मागितली तेव्हा त्यांनी कानामागं हात धरला. तिनं पुन्हा मागितली. "अं?" मग ती ओरडली, "माझं चुकलं!" वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवत होतं, ते थांबलं.

"हळू," मास्तर म्हणाले. "लोक ऐकतायत." मग म्हणाले, "तुझं चुकलं नाही. बोलायची सोय होती तुला घरात, ती माझ्यामुळं गेली."

त्यानंतर घर कोरडं झालं. कुठल्या वेळी डोळ्यांवर कुठला चष्मा आहे हे कुणालाच ओळखू येईना, तिला तर मुळीच नाही. टिटवीला काय झालं ते कुणी सांगितलं नव्हतं, पण तिनं आईच्या तोंडावरून ताडलं होतं. फोन आला की ती उठून जिन्यात जाऊ लागली. टेबलाशी "मीठ दे," "वाढू का," "पुरे" एवढंच. मास्तर चष्मा घालून त्या दोघींच्या मध्ये बसत, आणि त्यांच्या समोरची हवा रिकामी राही.

असेच दिवस गेल्यावर एका सकाळी त्यांनी चष्मा तिच्या हातात ठेवला.

"याला पुढून दिवा लाव. समोरच्याला दिसेल असा. मी वाचत असलो की पेटला पाहिजे."

"तुम्हीच म्हणाला होता, पाटी नको."

"तेव्हा मला वाटायचं, लपवायचंय ते फक्त माझंच आहे." त्यांनी तिच्या हातातला चष्मा उलटा करून काडीचा पुढचा कोपरा बोटानं दाखवला. "इथं बसेल. लाल नको, लोक दचकतील."

प्रयोगशाळेत तिनं तो वाकड्या पकडीत धरला आणि सर्वांत बारीक ड्रिलनं कोपऱ्याला भोक पाडलं. जाड्या मागं येऊन उभा राहिला.

"एवढी वर्षं बुजवलंस, आता पाडतेस?"

"गिऱ्हाइकाची मागणी आहे."

तो काहीतरी विनोद करणार होता. तिचं तोंड बघून त्यानं टेबल-दिवा थोडा तिच्याकडं वळवला आणि निघून गेला. दिव्याची तार तिनं अक्षरांच्याच तारेला जोडली. अक्षरं चालू तर दिवा चालू, अक्षरं बंद तर दिवा बंद. फसवणुकीला जागा राहू नये म्हणून तारा डाख देऊन जोडल्यावर तिनं तीन-चारदा तपासून पाहिलं.

त्या दिवशी रात्रीच्या जेवणाला मास्तरांच्या उजव्या डोळ्याशेजारी पिवळा ठिपका पेटला होता. टिटवी कॉलेजचं सांगत होती, पण बातम्या देणाऱ्या बाईसारखं, प्रत्येक शब्द स्वच्छ. "आज आमच्या वर्गाला नवीन शिक्षिका आल्या. त्या छान शिकवतात." आईनंही एक पूर्ण वाक्य केलं, उद्या पाणी लवकर जाणार असल्याचं. मास्तरांनी आळीपाळीनं दोघींकडं पाहिलं. परक्या घरी जेवायला बसलेला माणूस ऐकतो तसं त्यांनी ते ऐकून घेतलं, मान डोलावली. मग काडीवरून बोट फिरवलं. ठिपका विझला.

"बंद केलाय," ते मोठ्यानं म्हणाले. "बोला आता तुम्ही."

आणि ताटावर वाकले.

टिटवीनं आईकडं पाहिलं. आईला पक्कं माहीत होतं, तारा तिनंच जोडल्या होत्या. आता त्यांच्यासमोर काही उमटणार नव्हतं. हवं ते बोलता आलं असतं, तेवढ्यासाठीच त्यांनी ते केलं होतं.

"मी कुठं जात नाहीये," ती म्हणाली. चहा विचारायच्या त्या बारीक आवाजात. "मी मावशीला म्हणाले ते खरं होतं. पण तेवढंच खरं नव्हतं गं. ते अर्धा म्हणाले ना, चहा, त्या दिवशी... मला गॅस लावता येईना."

"आई, हे मला काय सांगतेस?" टिटवीचे डोळे भरले. "त्यांना सांग ना."

ती नवऱ्याकडं वळली. त्यांना समोर दोघींचे ओठ हलताना दिसत असणार, निदान कडेनं तरी. पण त्यांनी मान वर केली नाही. दोघींचं बोलणं आपल्यामुळं मध्येच तुटू नये म्हणून ते एकेक घास सावकाश चावत, ताटाकडं बघत जेवत राहिले.