जास्तीचं तेल

परशुरामने किक मारली आणि सायलेन्सरमधून असा धूर निघाला की समोरचा पानवाला दिसेनासा झाला. पानवाल्याने धुरातूनच एक शिवी हासडली.

"वस्ताद, डासांचं औषध मारायला आणलीय का गाडी?" परशुरामने विचारलं.

गुणाजी हसले नाहीत. एरवी अशा थट्टेची त्यांनी सव्याज परतफेड केली असती. आज ते बाकावर बसून पँटची घडी उगाच सारखी करत राहिले.

"सील गेलंय," ते म्हणाले. "क्रँकचं. उघडून बघ."

विठ्ठलवाडी स्टेशनबाहेरचं हे गॅरेज मुळात गुणाजींचंच. जुन्या टू-स्ट्रोक गाडीचा नुसता धूर हुंगून आजार सांगणारा दुसरा माणूस कल्याणपासून ठाण्यापर्यंत नव्हता, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नम्रपणाच्या वाटेला ते कधी गेले नाहीत. परशुराम त्यांच्या हाताखाली शिकला, तो त्यांच्या शिव्या खाऊनच. हात थरथरायला लागले तेव्हा गॅरेज त्याच्या हवाली करून गुणाजी कल्याणला घरी बसले. स्वतःची गाडी मात्र त्यांनी सोडली नाही. अशा गाडीत तेल पेट्रोलमध्येच मापून मिसळावं लागतं. ते माप त्यांनी बायकोच्याच काय, परशुरामच्या हातातही कधी दिलं नव्हतं.

परशुराम सायलेन्सरपाशी वाकला. धूर निळा होता, जड होता, वास गोडसर जळकट. क्रँकचं सील गेलं की गिअरचं ऑइल आत ओढलं जातं, आणि त्याचा वास असा नसतो, तो नाकाला झोंबतो. त्याला हे शिकवणारा माणूस बाकावरच बसला होता. तरी त्याने गिअरबॉक्स तपासला. ऑइल काठोकाठ होतं. प्लग काढला, तो ओला आणि काळाकुट्ट. सायलेन्सरच्या सांध्यातून काळा चीक गळत होता. शेवटी त्याने टाकीतलं थोडं पेट्रोल वर्तमानपत्राच्या कागदावर ओतलं आणि थांबला. पेट्रोल उडून गेलं. मागे भज्यांच्या पुडीवर असतो तसा तेलाचा डाग उरला, चांगला पंज्याएवढा.

"वस्ताद, तेल कोण घालतं?"

"मी. दुसरं कोण घालणार?"

"जास्त पडतंय."

गुणाजींनी डागाकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

"तू सील बघ," ते म्हणाले. पण आवाजात नेहमीचा दम नव्हता.

तेवढ्यात परशुरामचा फोन वाजला. गुणाजींच्या बायकोचा, मालनकाकींचा होता. तो फोन घेऊन मागच्या बाजूला गेला.

"पोचले का रे?"

"केव्हाच. इथेच बसलेत."

"मग गाडी लवकर दे त्यांना. गाडी नसली की नुसते या खोलीतून त्या खोलीत फिरतात." काकींनी आवाज बारीक केला. "काल तेलाची बाटली घेऊन तिसऱ्यांदा खाली गेलेले. मी म्हटलं, अहो, आत्ताच ना घातलंत? तर अंगावर धावून आले माझ्या."

परशुरामने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"गाडीचंच काहीतरी आहे ना, परशुराम?"

"गाडीचंच आहे, काकी," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर त्याला स्वतःचीच लाज वाटली.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. तेल जास्त झालं तर गाडी धूर ओकते, गळते, फार तर बंद पडते. माणसाच्या केसालाही धक्का लागत नाही. पण तेल पडलंच नाही तर पिस्टन जागच्या जागी चिकटतो, मागचं चाक अडकतं, आणि चालवणारा मागून येणाऱ्या ट्रकच्या पुढ्यात पडतो. आज आपण जास्त घालू नका म्हणून सांगितलं, वस्तादांनी तेवढंच नेमकं लक्षात ठेवलं, आणि एखाद्या दिवशी घातलंय असं समजून घातलंच नाही, तर? त्याला भीती वाटली आणि भीतीपोटी त्यांचा रागही आला. एवढं सगळं ज्यांच्याकडून उचललं, त्यांनी असं व्हावंच का?

तो बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "बरोबर होतं तुमचं. सील गेलंय."

"कुठल्या बाजूचं?"

"गिअरच्या."

"मग गिअरचं ऑइल भरलेलं कसं?"

परशुराम फडक्याने तीच बोटं पुन्हा पुसत राहिला.

"धूर खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं. मीच सांगितलेलं ना तुला?" गुणाजी म्हणाले. "आज मी गिऱ्हाईक."

पानवाला कुणाला तरी सुपारीवरून हसवत होता. तो माणूस गेल्यावर गुणाजी पुढे बोलले.

"घातलं की नाही, ते आठवत नाही, परशा. आठवलं नाही की घालतो. गळेल गाडी, पण मारणार तरी नाही. मालनला सांगायला जीभ उचलत नाही माझी. म्हटलं, परशाकडे नेतो. त्याला धुरावरून कळेल."

गुणाजींनी चावी काढून त्याच्या तेलकट हातावर ठेवली.

"ही ठेव. आणि मालनला तू सांग."

परशुरामला वाईट वाटलं, पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखंही वाटलं. त्याने जाणारी रिक्षा थांबवली. गुणाजींनी एक पाय आत ठेवला.

"कुठे जायचं, काका?"

गुणाजी रिक्षावाल्याकडे बघत राहिले.

"बोला ना काका. कल्याण का उल्हासनगर?"

गुणाजींनी पाय बाहेर काढला. ते परशुरामजवळ आले आणि रिक्षावाल्याला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "याला काय सांगू रे? गाडीला सांगावं लागत नाही."

परशुरामला त्यांचा पत्ता तोंडपाठ होता. तो त्याने सांगितला नाही. रिक्षावाल्याला हात करून जायला सांगितलं. मग टाकी पूर्ण रिकामी केली, नवं पेट्रोल आणलं, तेल स्वतः मापून घातलं, प्लग साफ करून बसवला. गुणाजी बाजूला उभं राहून सगळं बघत होते आणि एकदाही चूक काढत नव्हते. शटर अर्धं ओढून परशुरामने चावी त्यांच्या हातात दिली आणि मागच्या सीटवर बसला.

"तू कुठे?"

"काकींना सांगायचंय ना."

गुणाजी पुढे बसले आणि त्यांनी एका किकमध्ये गाडी चालू केली. धूर अजून होताच, सायलेन्सरमधलं जुनं तेल जळायचं होतं.

"वळणावर माझ्याबरोबर झुकायचं," ते मान न वळवता म्हणाले. "अडून बसलास तर दोघेही पडू."

"झुकतो," परशुराम म्हणाला.