टोपातला पांढरा थर

मी एक जुना टोप आहे, मित्रांनो. घडवणाऱ्याने बूड जाड ठेवले, म्हणून इतका टिकलो. बस डेपोसमोरच्या खानावळीत माझ्यात रोज वाटाण्याचे सूप शिजते. मालक शिजवायचे, मालकीणबाई मला घासायच्या.

आमचे पाणी बोअरचे, क्षारांनी जड. उकळून उकळून आत पांढरा थर धरतो. बाई मीठ लावलेल्या लिंबाच्या फोडीने तो रोज घासून काढायच्या.

"अगं, उकळलं की सगळं मरतं. टोपाला भोक पाडशील!" मालक हसायचे.

"पडलं तर नवा आणा. तुम्ही आपलं ढवळा."

बाई गेल्या. मालक मला विसळायचे, पण थराला हात लावीनात. "ते तिचं काम," एवढेच म्हणत.

थराच्या भेगांत अन्नाचे कण अडकले, जंतू वस्तीला आले. काही जंतू अडचणीत सापडले की कवच घालून झोपतात. त्यांना बीजाणू म्हणतात. मँगनीज मिळाले की ते नीट घडतात, आणि कॅल्शियम मिळाले की उष्णतेला दाद देत नाहीत. माझ्या थरात या दोन्ही क्षारांना काय तोटा! सूप खदखदायचे, बीजाणू तगून राहायचे. मला एवढे मोठे तोंड, पण सांगता येईना.

एकदा सूप उरले. कोमट सुपात बीजाणू रात्रभरात जागे झाले, वाढले, विष सोडत राहिले. सकाळी मालकांनी ते पुन्हा उकळून नातीला वाटीभर दिले. जंतू मेले असतील, पण हे विष उकळीने नासत नाही, ते राहिले. दुपारपर्यंत पोर ओकून ओकून गळून गेली. तिला दवाखान्यात सलाईन लावले.

संध्याकाळी मालकांची लेक तिथून आली. "बाबा, सूप रात्रभर बाहेरच होतं?"

"उकळलं होतं गं मी. दोनदा!"

तिने माझ्यात हात घालून नखाने थर खरवडला. "आणि हे? आईनं राहू दिलं असतं?"

"मी घासायला बसलो, की ती नाही हे खरं होऊन बसतं गं."

लेकीने लिंबू चिरून त्यांच्या हातात दिले.

नात वाचली. सूप मात्र ती अजून तोंडाला लावत नाही.

मित्रांनो, उकळीवर सगळा भार टाकू नका. भांड्यात थर साचू देऊ नका. उरलेले अन्न पसरट भांड्यात काढून लवकर गार करा, फ्रीजमध्ये ठेवा.

त्या संध्याकाळी मालक मला घासत बसले. थर निघाला, तसे खालून बारीक गोल चरे दिसू लागले. बाईंच्या हाताचे, इतक्या वर्षांचे. मालकांचा हात थांबला. मग त्याच गोलांवरून फिरू लागला.