पाय कोणाच्या हद्दीत

हमरस्त्यावरच्या त्या पुलाच्या बरोबर मध्यावर एक लोखंडी सांधा आहे. गाडी त्यावरून गेली की ‘धडाड्’ असा आवाज होतो, आणि तेवढ्यात माणूस एका पोलीस ठाण्याच्या हद्दीतून दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीत जातो. गाडीत बसलेल्यांना त्याचा पत्ता नसतो. देवाच्या लेखी तर ती हद्द नसतेच. पण अलीकडच्या ठाण्याचे बापू हवालदार आणि पलीकडच्या ठाण्याचे अण्णा हवालदार, या दोघांना तो सांधा झोपेतसुद्धा दिसत असे.

हे दोघे एकमेकांचे व्याही. बापूंची लेक अण्णांच्या धाकट्याला दिलेली. लग्नाआधी पुलावर काही झालं की दोघे मोकळेपणाने भांडत. “तुमच्यात आहे.” “डोळे तपासून घ्या, तुमच्यात आहे.” अर्ध्या तासात कोणीतरी थकून सही करी आणि काम पुढे सरके. लग्न झालं आणि भांडण मिटलं. त्याच्या जागी सौजन्य आलं, आणि सौजन्याला भांडणापेक्षा जास्त वेळ लागतो.

खरी मेख वेगळीच होती. अपघाताच्या कागदावर ज्याची पहिली सही, त्याला पुढे वर्षानुवर्षं साक्षीला कोर्टात जावं लागे. बापू अकरा दिवसांनी निवृत्त होणार होते. निवृत्तीनंतर कोर्टाची पायरी चढायची नाही, असं त्यांनी बायकोला कबूल केलं होतं. अण्णा तर आधीच आठवड्यातले तीन दिवस कोर्टाच्या बाकावर काढत. तिथला शिपाई त्यांना परगावाहून आलेल्या मेव्हण्यासारखं “आज किती दिवस मुक्काम?” म्हणून विचारायचा.

त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला प्लॅस्टिकच्या बादल्यांनी भरलेला एक ट्रक पुलाच्या कठड्यावर आदळला. कठडा वाकला, ट्रकचं तोंड चेपलं, मागची दोरी तुटली आणि निळ्या, लाल, पिवळ्या बादल्या गडगडत दोन्ही दिशांना गेल्या. सुदैवाने दुसरं कोणी मध्ये आलं नाही. ट्रकचालक जागेवरच होता, शुद्धीवर होता, मोठमोठ्याने बोलतही होता. फक्त त्याचा डावा पाय क्लचपाशी चेपलेल्या पत्र्यात घोट्यापर्यंत अडकला होता.

नियंत्रण कक्षाने नेहमीप्रमाणे दोन्ही ठाण्यांना फोन लावला. दोन्ही मोटारसायकली पुलाच्या दोन टोकांनी एकदमच आल्या.

“या, अण्णा. तब्येत बरी?” बापूंनी हेल्मेट काढून विचारलं.

“तुमच्या आशीर्वादाने. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे?”

“आता जिना चढते.”

“अहो, मीपण बरा आहे, फक्त उतरता येत नाही,” ट्रकचालक खिडकीतून ओरडला.

दोघांनी वाकून चाकाखाली पाहिलं. सांधा ट्रकच्या पुढच्या भागाखालून गेला होता. बापूंनी कमरेवर हात ठेवले आणि अतिशय नम्रपणे म्हणाले, “अण्णा, हा मान तुमचा. गाडीचं तोंड तुमच्याकडे आहे.”

“छे छे! तोंडाचं काय घेऊन बसलात? अख्खी गाडी तुमच्याकडे आहे. आमच्याकडे नुसती नंबरप्लेट.”

“पण बादल्या बघा ना. तुमच्या बाजूला कितीतरी जास्त गेल्यात.”

“त्या उतारामुळे, बापू. बादलीला काय कळतंय हद्दीचं?”

एवढ्यात अग्निशमन दलाची गाडी आली. तिच्यावरचे प्रमुख गेली वीस वर्षं पत्रे कापत होते. सगळे त्यांना कटरकाका म्हणत. त्यांनी ट्रकचं दार ओढून पाहिलं, पाय पाहिला, आणि यंत्र खाली उतरवायला सांगितलं. मग खिशातून चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

“कोणतं ठाणं लिहू?”

दोघेही पुलाखालचं पाणी बघू लागले.

“हे बघा,” काका म्हणाले, “मागच्या वेळेला मी चांगल्या मनाने एका गाडीचं दार कापलं, आणि मालकाने माझ्यावरच तक्रार केली. तेव्हापासून साहेबांची सक्त ताकीद आहे. ठाण्याचं नाव आणि अधिकाऱ्याची सही असल्याशिवाय यंत्र सुरू करायचं नाही.”

“बरोबर आहे त्यांचं,” अण्णा म्हणाले. “बापू, करून टाका.”

“नोकरीत ज्येष्ठ तुम्ही असताना मी सही करू? बरं दिसेल का ते?”

“मी कसला ज्येष्ठ? सहाच महिने आधी तर भरती झालोय.”

“सहा महिने झाले तरी ज्येष्ठ ते ज्येष्ठच.”

ट्रकचालकाने कपाळ स्टिअरिंगवर टेकलं. “अहो साहेब, मी जिथे बसलोय ती जागा कोणाची?”

अण्णांनी खिडकीतून डोकावून सांध्याची रेघ नजरेने वर आणली. “सीट बापूंची,” ते आनंदाने म्हणाले.

“सीट माझी, मान्य,” बापू म्हणाले. “पण सीटला काही झालेलं नाही. अडकलंय काय? पाय. आणि पाय सांध्याच्या पुढे आहे. पाय तुमच्याकडे, अण्णा.”

“अहो, पण डोकं तुमच्याकडे! माणूस डोक्याने ओळखला जातो का पायाने?”

“असं करा,” ट्रकचालक म्हणाला, “डोक्याचा जबाब ह्यांनी घ्या, पायाचा त्यांनी घ्या. पण घ्या हो लवकर! पायाला मुंग्या येत होत्या, आता त्याही गेल्या.”

मुंग्या गेल्या हे ऐकायला नेमकी रुग्णवाहिकेतली नर्स येऊन उभी होती. ती बापूंची लेक, अण्णांची सून. घरी सासऱ्यांसमोर तिचा आवाज भांड्यांच्या आवाजाखाली दबलेला असे. तिने दोघांना एकदमच मान लववली, दुसऱ्या दाराने आत चढली आणि ओणवी होऊन पत्र्याच्या फटीत हात घातला. कात्रीने बुटाचं टोक कापलं. बोटं पांढरीफटक पडली होती. तिने अंगठा चिमटीत दाबला.

“कळतंय?”

“काय कळतंय?”

“मी दाबतेय ते.”

“दाबताय?” त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “ताई, माझी चेष्टा नका करू.”

ती खाली उतरली. “रक्त पोचत नाहीये,” तिने हळू आवाजात सांगितलं. “पंधरा-वीस मिनिटांत पाय सुटला तर वाचेल. त्यापुढे मला सांगता येत नाही. काका, थांबलाय कशाला?”

काकांनी नुसतं चिठ्ठ्यांचं पुस्तक दाखवलं. तिला समजलं. या पुलावर ती पहिल्यांदा आली नव्हती.

“बापू, सही करता का?”

“मी नाही म्हणत नाही गं. पण अण्णांना डावलून केली तर उद्या तुलाच सासरी ऐकावं लागेल.”

“अण्णा, तुम्ही?”

“सूनबाई, तुझ्या वडिलांच्या पुढे हात करणं मला शोभेल का? तुझं माहेर आहे ते. त्यांना वाईट वाटेल.”

“मला मुळीच वाटणार नाही,” बापू घाईने म्हणाले.

“तुम्ही बोलून दाखवणार नाही, तेच तर! मोठ्या मनाचे आहात.”

तिने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा सासऱ्यांकडे. दोन्ही माणसं वाईट नव्हती. तिच्या तापात एकाने रात्री काढल्या होत्या, आणि दुसऱ्याने तिच्या परीक्षेच्या वेळी घरात रेडिओ लावू दिला नव्हता. पण आत्ता दोघांच्या मध्ये एका माणसाचा पाय गार पडत होता.

तिने काकांच्या हातातलं पुस्तक घेतलं. ठाण्याच्या नावापुढे लिहिलं, ‘पूल’. अधिकाऱ्याच्या जागी स्वतःची सही ठोकली, खाली तारीख आणि वेळ घातली.

“घ्या.”

काकांनी चष्मा वर करून वाचलं. “ताई, ही सही चालत नाही. अधिकार नसताना मागणी केली म्हणून चौकशी लागेल. नोकरी जाईल तुमची.”

“सही आहे ना? तुम्हाला सहीशिवाय सुरू करायचं नव्हतं. करा आता.”

काकांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं, मग चिठ्ठी घडी करून छातीच्या खिशात ठेवली आणि हात वर केला. यंत्र घरघरलं.

त्या घरघरीबरोबर दोन्ही हवालदारांना घाम फुटला.

“अहो, थांबा! ती चिठ्ठी इकडे द्या!” बापू धावले. “ते क्षेत्र माझं आहे! सीट माझ्याकडे आहे!”

“काय बोलता!” अण्णा त्यांच्या आडवे आले. “पाय कुठे अडकलाय? माझ्या हद्दीत! काका, माझं ठाणं लिहा!”

“अण्णा, माझी लेक आहे ती!”

“म्हणून काय झालं? माझ्या घरची सून आहे. तिच्या नोकरीवर गदा आली तर आमच्या हिला मी काय तोंड दाखवू?”

“डोळे तपासून घ्या! अख्खी गाडी माझ्यात आहे!”

“तुम्हीच तपासा! तोंड माझ्यात आहे, तुम्हीच म्हणालात मघाशी!”

दोन वर्षांचं सौजन्य एका मिनिटात पुलावरून वाहून गेलं. काकांना दोन्ही हात यंत्राला लागत होते, म्हणून बापूंनीच त्यांच्या खिशातून चिठ्ठी काढली. अण्णांनी तिचं दुसरं टोक धरलं. ओढाताणीत बापूंनी कठड्यावर टेकून सही केली. त्या सहीच्या डोक्यावर अण्णांनी आपली केली, जराशी मोठी. ‘पूल’ या शब्दाच्या एका बाजूला एक ठाणं आलं, दुसऱ्या बाजूला दुसरं. मधली नर्सची सही दोघांनी मिळून इतकी गिरवून खोडली की कागदाला भोक पडलं.

“आता कोर्टात दोघांनाही जावं लागेल,” बापू धापा टाकत म्हणाले.

“डबा मी आणीन,” अण्णा म्हणाले. “तुमच्या पाठीला ते बाक सोसणार नाही, उशी तेवढी आणा.”

तिकडे नर्सचं यांच्याकडे लक्ष नव्हतं. ती पुन्हा आत चढून ट्रकचालकाचा गुडघा घट्ट धरून बसली होती. यंत्राचा जबडा पत्र्यात शिरला, उघडला, पुन्हा शिरला. ट्रकचालकाने डोळे मिटून घरच्या सगळ्यांची नावं घेतली. आधी मुलीचं, मग आईचं, मग जरा थांबून बायकोचं. पत्रा कुरकुरत मागे सरला आणि काका ओरडले, “ओढा!”

पाय मोकळा झाला.

त्याला स्ट्रेचरवर घेतलं. बापू डोक्याकडून धरायला पुढे झाले आणि अण्णा पायांकडून. रुग्णवाहिकेच्या दारापाशी तिने सगळ्यांना थांबवलं, वाकली आणि अंगठा पुन्हा चिमटीत धरला. दोन हवालदार, कटरकाका, अडकलेल्या गाड्यांतून उतरलेले लोक, सगळे तिच्या चिमटीकडे बघू लागले. वाऱ्याने एक पिवळी बादली सांध्यावरून खडखडत गेली. तिच्याकडे कोणी पाहिलंही नाही.

“कळतंय?”

ट्रकचालक आकाशाकडे बघत होता.

“अंगठ्याला कळतंय वाटतं,” तो म्हणाला. “तुमचा हात गार आहे. बाकीच्या चौघांचं अजून काही सांगता येत नाही.”

“मी विचारत राहीन,” ती म्हणाली आणि आत चढून दार लावून घेतलं.

रस्ताभर ती एकेक बोट दाबत, विचारत गेली. दुसऱ्या बोटाने पूल उतरल्यावरच्या वळणावर उत्तर दिलं. तिसरं आणि चौथं जवळजवळ एकदम. इस्पितळाचं फाटक आलं तरी करंगळी गप्पच होती, म्हणून तिने ती सोडली नाही. स्ट्रेचर खाली घेताना चाक उंबऱ्यावर आपटलं, आणि ट्रकचालक “करंगळी!” म्हणून इतक्या मोठ्याने कळवळला की आतून दोन डॉक्टर धावत आले.

“आली!” नर्स म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज चढला.