दारासमोरचा ड्रेम्पल

मित्रांनो, मी म्हणजे रस्त्याला आलेलं एक जुनं टेंगूळ. शहाणी माणसं मला गतिरोधक म्हणतात. नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनपासून सायकलनं अर्ध्या तासावर एक लहान गाव आहे. तिथल्या दुकानांच्या गल्लीत गेली चौतीस वर्षं मी आडवा पडून आहे. इथल्या भाषेत माझं नाव 'ड्रेम्पल'.

मग मला मराठी कशी येते? माझ्या उजव्या टोकाला सरलाताईंचं डब्यांचं दुकान आहे. दुपारची गडबड आटोपली की त्या दारात उभ्या राहून सांगलीला आईशी फोनवर बोलतात. आवाज इतका खणखणीत, की फोन नसता तरी सांगलीला ऐकू गेला असता. ऐकून ऐकून मी शिकलो.

माझा जन्म नदीच्या गाळातला. वाल नदीच्या काठची चिकणमाती साच्यात घालून, भट्टीत भाजून माझ्या विटा झाल्या. त्या इतक्या पक्क्या भाजलेल्या, की एकमेकींवर आपटल्या तर टणटण वाजतात. १९८७ साली या गल्लीत एका मोटारीचा धक्का लागून सायकलवरच्या मुलीचा पाय मोडला. पाय बरा झाला, पण गावातल्या आया गप्प बसल्या नाहीत. त्यांनी रस्त्यावरच खुर्च्या टाकल्या आणि वाहतूक अडवली. मग एक कारागीर आला. गुडघ्यांना रबर बांधून, वाळूवर एकेक वीट ठोकत त्यानं मला तीन दिवसांत घडवलं.

माझ्या बांधणीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण सरलाताईंनाही ती कळायला बराच वेळ लागला. माझा माथा सपाट आहे, आणि तो दोन्ही बाजूंच्या फुटपाथच्या बरोबर उंचीला येतो. म्हणजे मोटारीला मी चढ वाटतो. पण या फुटपाथवरून त्या फुटपाथवर चालत जाणाऱ्याला ना पायरी उतरावी लागते, ना चढावी लागते.

सुरुवातीची वर्षं कौतुकाची होती. मुलं माझ्यावर खडूनं घरं काढून लंगडी खेळत. पुढे मोटारी वाढल्या, सामान पोचवणाऱ्या गाड्या वाढल्या, आणि मला शिव्या पडू लागल्या. माझी एक कड खचली. पावसाचं पाणी तिथं साचू लागलं. दुरुस्तीला मात्र कुणी आलं नाही. सरलाताईंच्या शेजारच्या बेकरीचे मालक वाउटर तर मला 'केकचा शत्रू' म्हणत. त्यांच्या गाडीतले मलईचे केक माझ्यावरून जाताना एका बाजूला सरकत.

सरलाताईंचंही माझ्याशी पटत नव्हतं. त्यांचे यजमान सुबोध आइंडहोवनला इंजिनियर आहेत. त्यांच्याबरोबर सरलाताई इथं आल्या आणि पहिली काही वर्षं घरातच होत्या. मग त्यांनी हे दुकान काढलं. तेव्हा या वाउटरनीच त्यांचे समोसे आपल्या काउंटरवर ठेवले आणि गिऱ्हाइकांना आग्रहानं खायला घातले. सरलाताई ते उपकार विसरलेल्या नाहीत. पुढे लाकडी पेटी असलेल्या सायकलवरून त्या डबे पोचवायला निघत, आणि माझ्यावर चाक चढलं की पेटीतून हमखास आवाज येई, "गेली! आमटी गेली!" खरं तर आवाज त्यांचाच असे, पेटीतून यायची ती आमटी.

माझ्या डाव्या टोकाला, पलीकडच्या इमारतीत, तिनेकेआजी राहतात. वय ब्याऐंशी. पाय अधू, पण बोलणं तरतरीत. आधाराची चार चाकांची ढकलगाडी, म्हणजे रोलेटर, धरून त्या रोज सकाळी माझ्यावरून अलीकडे येतात, बेकरीतून पाव घेतात आणि परत जातात. त्यांच्या मुलानं, दूर एनस्खेडे शहरात राहणाऱ्या पीटरनं, त्यांना बजावलं होतं, "आई, ज्या दिवशी तुला एकटीला बाहेर पडता येणार नाही, त्या दिवशी हे घर सोडून माझ्याकडच्या वृद्धाश्रमात यायचं." आजींनी कबूल केलं होतं. म्हणून पाव हा नुसता पाव नव्हता. रोजचा तो फेरा पुरा झाला की त्यांचं घर आणखी एक दिवस त्यांचं राहत होतं.

मग २०२० साल आलं, आणि तो आजार. रस्ते ओस पडले. माझ्यावरून दिवसाला चार सायकली जात. शाळा बंद, नातेवाइकांचं येणं बंद. तेव्हा सरलाताई माझ्या मधोमध एक स्टूल ठेवून त्यावर आजींसाठी डबा ठेवत आणि दीड मीटर मागे सरत. आजी पुढे येऊन डबा उचलत आणि तिथूनच त्यांना डच शिकवत. सरलाताई वहीत शब्द लिहून घेत. एका पानावर लिहिलं होतं : ड्रेम्पल म्हणजे उंबरठा. ते खरंच आहे. या भाषेत दाराच्या उंबरठ्याला आणि मला एकच नाव आहे.

त्यातूनच सगळा घोटाळा झाला.

जूनमध्ये दुकानदारांच्या संघाचं पत्रक दुकानादुकानांतून वाटलं गेलं. गल्लीचा रस्ता उखडला होता, हे खरंच होतं. तीन वर्षं प्रत्येक दुकानानं आपल्या विक्रीतला थोडा वाटा जादा कर म्हणून द्यायचा, नगरपालिका त्यात भर घालेल आणि रस्ता नवा गुळगुळीत होईल, अशी योजना होती. दोन तृतीयांश दुकानदारांचा होकार मिळाला तरच. पत्रकाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत होतं : 'ड्रेम्पल हटवा!'

सरलाताईंनी ते वाचलं आणि त्या तडक दुकानाबाहेर आल्या. त्यांच्या दाराला सुबोधनी हौसेनं लाकडी उंबरठा बसवून दिला होता. रोज सकाळी त्या त्यावर बोटभर रांगोळी काढत.

"तिनेकेआजी!" पाव घेऊन परत निघालेल्या आजींना त्यांनी माझ्यावर येऊन हाक मारली. (त्या दोघींचं बोलणं डचमध्ये झालं. मी तुम्हाला मराठीत सांगतो.) "हे बघा काय आलंय! माझा उंबरठा काढायचा म्हणे. आणि वर त्याचे पैसे मीच द्यायचे?"

आजींनी चष्मा लावून पत्रक वाचलं आणि रोलेटरच्या बैठकीवर बसून डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अगं, तुझा नाही. हा! ज्यावर तू उभी आहेस तो!"

सरलाताईंनी खाली पाहिलं. "हा? मग जाऊ दे की! रोज माझी आमटी सांडतो मेला."

आजींचं हसू थांबलं. "बरोबर आहे तुझं," त्या म्हणाल्या, आणि पाव घेऊन हळूहळू परत गेल्या.

मित्रांनो, मला वाईट वाटलं. पण सरलाताईंचा राग आला नाही. आमटी सांडत होती, ही गोष्ट खरी होती.

आठवड्याभरानं एक मालमोटार येऊन नेमकी माझ्यावर उभी राहिली. ड्रायव्हर सामान उतरवत होता. आजी आल्या, थोडा वेळ थांबल्या, आणि मग दहा पावलं खाली जाऊन फुटपाथच्या कडेवरून रस्त्यात उतरू लागल्या. रोलेटरचं पुढचं चाक कडेवरून घसरलं, आजी झुकल्या आणि तशाच वाकून उभ्या राहिल्या. पुढे जाता येईना, मागेही येता येईना. समोरून येणारी मोटार भोंगा वाजवत होती.

सरलाताईंची नऊ वर्षांची श्रुती खिडकीत होती. "आई! ओमा तिनेके!" ती किंचाळली. (इथं आजीला ओमा म्हणतात.) सरलाताई हातातली पोळी तव्यावर टाकून धावल्या. दीड मीटरचं अंतर त्या दिवशी त्यांनी पाळलं नाही. त्यांनी आजींना काखेत धरून वर घेतलं.

परत येताना, मागोमाग धावत आलेल्या श्रुतीनं विचारलं, निम्मं मराठीत, निम्मं डचमध्ये, "आई, ड्रेम्पल काढला तर ओमा कुठून येणार?"

"कोपऱ्यावर सिग्नल आहे की."

"तिथपर्यंत ओमाला चालता येतं?"

आजींना सरलाताईंनी दुकानात पाणी प्यायला बोलावलं, पण रोलेटर लाकडी उंबरठ्याला अडला. आजी इतकी वर्षं दुकानाच्या बाहेर उभ्या राहूनच का बोलत, हे सरलाताईंना तेव्हा कळलं. संध्याकाळी सुबोध घरी आले, तेव्हा त्या त्यांना म्हणाल्या, "आधी करवत काढा. चहा नंतर."

जुलैमध्ये दुकानदारांची सभा झाली. बंद खोलीत बसायची सोय नव्हती, म्हणून गल्लीच बंद केली. दीड दीड मीटरवर खडूनं वर्तुळं काढून खुर्च्या मांडल्या. बोलणाऱ्यासाठी उंच जागा हवी होती, आणि गल्लीत उंच जागा एकच होती. त्यामुळे मला हटवा असं सांगायला वाउटर माझ्याच माथ्यावर उभे राहिले.

"साथीत गिऱ्हाईक तुटलं आहे," ते म्हणाले. "माल घरपोच द्यावा लागतो. चांगला रस्ता नसेल तर पुढच्या वर्षी यातली निम्मी दुकानं दिसणार नाहीत. कर जड आहे, मलाही जड आहे. पण मी देणार."

"गल्ला रिकामा, आणि कर?" मागून सायकल दुरुस्तीवाला ओरडला.

"तुझं बरं आहे बाबा. खड्डे आहेत तोवर तुला काम आहे!" वाउटर म्हणाले. सगळे हसले.

मग सरलाताई उठल्या. हातात कागद होता. वाउटरच्या विरुद्ध बोलायचं होतं, तेही त्यांच्या भाषेत.

"मी कर देईन," त्या म्हणाल्या. "रस्ता करा. पण ड्रेम्पल काढू नका. तिनेकेआजी दुसरीकडून ओलांडू शकत नाहीत. त्यांचा रस्ता गेला तर त्यांचं घर जाईल."

"सरला," वाउटर चकित झाले. "तुझी आमटी रोज कोण सांडतं?"

"आमटीला मी झाकण लावीन. आजींना कसलं झाकण लावू?"

कुणीतरी खाकरलं. वाउटर सोडेनात. "तुझ्या स्वतःच्या दारात लाकडी ड्रेम्पल आहे. रोलेटर तिथं चढत नाही, मी पाहिलंय."

"आता चढतो," सरलाताई म्हणाल्या. "त्याला सुबोधनी उतार केला आहे. हवं तर जाऊन बघा."

सभेला नगरपालिकेच्या एक इंजिनियरबाई आल्या होत्या. त्या खरोखरच उठून बघायला गेल्या. परत येऊन त्यांनी वाकून माझी खचलेली कड तपासली. "यालाही तसं करता येईल," त्या म्हणाल्या. "माथा राहू दे. दोन्हीकडचा चढ लांब आणि सावकाश करू. गाड्या हळू येतील, पण दणका बसणार नाही. खर्च थोडा वाढेल."

"म्हणजे कर वाढेल!" दोघेतिघे एकदम म्हणाले.

मग वाउटरनी कडेला रोलेटरवर बसलेल्या आजींना विचारलं, "तुम्हाला माझा पाव रोज लागतोच का?"

"वाउटर, तुझ्या वडिलांपासून मी इथला पाव खाते," आजी म्हणाल्या. "तेव्हा तो जास्त चांगला होता."

सगळी गल्ली हसली. वाउटरही हसले, आणि खिशातून पेन काढून त्यांनी योजनेच्या कागदावरची 'ड्रेम्पल हटवा' ही ओळ खोडली.

मतदान शरद ऋतूत झालं. तेवीसपैकी सतरा दुकानांनी होकार दिला. सायकलवाल्यानं नकार दिला, आणि पुढे तीन वर्षं मुकाट्यानं कर भरायची तयारी ठेवली. त्याचेही मी आभार मानतो. मनाविरुद्ध झालेल्या निर्णयाला जो आपला वाटा देतो, त्याचं मन मोठं असतं.

२०२१ च्या वसंतात कारागीर आले आणि त्यांनी मला उपटलं. माझ्या विटांचा ढीग फुटपाथला टेकवून ठेवला. चार दिवस मी कुणीच नव्हतो. भीती वाटली. पण इथे जुनी वीट फेकत नाहीत. घासून गुळगुळीत झालेली बाजू खाली घालतात, आणि इतकी वर्षं जमिनीत लपलेली कोरी बाजू वर आणतात. तसाच मी पुन्हा बसलो. माथा तोच, चढ मात्र सावकाश.

उन्हाळ्यात एनस्खेडेहून पीटर आला. त्याच्या हातात वृद्धाश्रमाचा अर्ज होता. आजी म्हणाल्या, "सही करीन. आधी पाव आणते. तू इथेच थांब, मदत करायची नाही."

तो पलीकडे, एक पाऊल रस्त्यात टाकून उभा राहिला. आजी माझ्यावर आल्या तेव्हा दोन्ही बाजूंनी गाड्या थांबल्या होत्या. एकीकडे बस, दुसरीकडे वाउटरची केकची गाडी. आजींनी घाई केली नाही. मधेच थांबून त्यांनी रोलेटरच्या टोपलीतली पिशवी सारखी केली, बसच्या ड्रायव्हरला हात केला, आणि पुढे गेल्या. बेकरी, मग सरलाताईंच्या दुकानात आत जाऊन पाच मिनिटं गप्पा, मग परत.

पीटरनं अर्जाची घडी घातली. "पुढच्या वर्षी बघू, आई," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी ये," आजी म्हणाल्या, "पण असा रस्त्यात उभा राहू नकोस. लोकांना त्रास होतो."

मित्रांनो, मी साध्या मातीचा. मला चालता येत नाही, कुणाला हात देता येत नाही. मला येतं ते एकच, दोन क्षण सगळ्यांना हळू करायचं. तेवढ्यासाठी एका गल्लीनं आजारपणाच्या काळात आपल्या कमाईतला वाटा काढून ठेवला. एवढा मान फार थोड्या विटांच्या वाट्याला येतो.

म्हणून तुमच्या गावातल्या माझ्या भावंडांवर रागावू नका. त्यांची कड खचली असेल तर मोठ्यांना सांगा, नीट करायला लावा. आणि त्यांच्यापाशी गाडीचा वेग कमी झाला की नुसतं समोर न बघता जरा बाजूलाही बघा. फुटपाथच्या कडेला कुणीतरी उभं असेल, तुम्ही थांबता का ते पाहत. थांबा. त्यांना सावकाश जाऊ द्या.