साहेबाच्या हाती दिलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनं माप आहे. बी मोजायचं, एकसंध लाकडातून कोरलेलं, काठाला तांब्याची पट्टी असलेलं माप. या, जवळ या. पण नाक धरून या. माझ्या पोटातून अजून तंबाखूच्या थुंकीचा वास येतो, आणि तो वास माझा नाही. तो कुणाचा आहे, हे सांगायलाच मी आज तोंड उघडलं आहे. ऐकताना किळस आली तर लाजू नका. मला तर रोज येते.

माझा जन्म एका डोंगराच्या उतारावर झाला. वाऱ्याने आडव्या पडलेल्या झाडाच्या बुंध्यातून एका सुताराने मला कोरलं. मोठा तऱ्हेवाईक माणूस. कामाला बसला की जेवायला हाका मारून मारून बायकोचा घसा बसायचा, पण हा हलायचा नाही. शेवटी त्याने मला उलटं केलं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि म्हणाला, "झालं. आता यात पाप करायला जागा नाही."

त्या उतारावरचे लोक जमीन माझ्यावर मोजत. अमक्याचं शेत केवढं? तीन मापं बी लागेल एवढं. तमकीचं केवढं? पाच मापांचं. कुंपण नव्हतं, हद्दीचे दगड नव्हते. भांडणं व्हायची, नाही कशाला म्हणू? चांगली कचाकचा व्हायची. पण मी मध्ये आले की मिटायची. काठापर्यंत बी भरायचं, तळहाताने सपाट करायचं, बस्स. जमिनीचा एखादा तुकडा थकला की दोन-चार वर्षं न पेरता ठेवत. "तिथलं माप विसाव्याला गेलंय," असं म्हणत. त्या तुकड्यावर मग गवत माजायचं, गुरं चरायची, पोरं लोळायची.

गावातली सगळ्यांत वडील बाई मला सांभाळायची. तिला सगळे मापकरीण म्हणत. जीभ तिखट, पण हात सढळ. कुणी परका, बेघर माणूस दाराशी आला की ती त्याला मला उचलून द्यायची. एक हंगाम पेर, पोटभर खा, आणि पीक निघालं की माप भरून परत आण. भरून, बरं का! रिकामं माप परत घ्यायचं नाही, असा तिथला रिवाज होता. रिकामं घेतलं, तर आमचं तुझ्याकडे काहीच उरलं नाही, असा त्याचा अर्थ व्हायचा. हा रिवाज लक्षात ठेवा. माझी सगळी कहाणी त्यावरच उभी आहे.

मग साहेब आला. लांबच्या राज्याचा, मोठ्या मिशांचा, तंबू, घडीचं टेबल आणि बंदूकवाले शिपाई घेऊन. सोबत एक दुभाषा होता. साहेबाने विचारलं, "ही जमीन कुणाची?"

मापकरीण म्हणाली, "आमची."

"कशावरून?"

तिने मला आणून टेबलावर ठेवलं. साहेबाने मला उलटंपालटं करून बघितलं आणि सांगितलं की हे मला हवं आहे. तिला बिचारीला काय वाटावं? तिला त्याची दया आली! शेजारणीला म्हणाली, "अगं, घरदार सोडून आलाय. फडक्याच्या घरात झोपतो. वीतभर जमीन नाही मेल्याकडे." आणि सगळ्या गावासमोर तिने मला त्याच्या हाती दिलं. "घे बाबा. एक हंगाम पेर. पण नीट भरून आण."

दुभाष्याने शब्दाला शब्द बरोबर सांगितला. मी स्वतः ऐकलं. साहेबाने मान डोलावली, समजून-उमजून डोलावली. पुढे लोक म्हणाले की बिचाऱ्याचा गैरसमज झाला असेल. कसला आलाय गैरसमज!

तंबूत शिरताच त्याने मला खुर्चीजवळ ठेवलं, तळाला मूठभर वाळू टाकली आणि पचकन माझ्यात थुंकला. तंबाखूची पिवळी, चिकट, गरम थुंकी. शी! ज्या पोटात आजवर बी सोडून काही पडलं नव्हतं, त्या पोटात! मग शिपायाकडे वळून म्हणाला, "उंची बेतशीर आहे. वाकावं लागत नाही."

तर मित्रांनो, त्या दिवसापासून मी साहेबाच्या कचेरीतली पिकदाणी झाले. माझ्या डोक्यावरच्या टेबलावर त्या उताराचं काय झालं, ते मी खालून ऐकत होते. विसाव्याला ठेवलेली जमीन साहेबाने ओसाड आणि बेवारस ठरवली. ती सरकारजमा. उरली पेरलेली जमीन. तिच्याबद्दल म्हणाला, "यांच्यात माप म्हणजेच जमीन. म्हातारीने ते स्वखुशीने दिलं, शे-दीडशे माणसांसमोर." तीही सरकारजमा. असं म्हणून तो हसला आणि माझ्यात थुंकला.

हंगाम संपल्यावर मापकरीण कचेरीत आली. दारातूनच म्हणाली, "बाबा, पीक निघालं असेल ना? माप न्यायला आले." साहेबाने वर बघितलं नाही. थोडा वाकला आणि तिच्या देखत आपलं नेहमीचं काम केलं. ती पुढे झाली, माझ्यात डोकावली. मला वाटलं होतं, ती रडेल. ती रडली नाही. साहेबाकडे बघून एवढंच म्हणाली, "हे पेरलंस होय रे तू?"

शिपायांनी तिला बाहेर काढलं. मग सगळ्या गावालाच खाली खडकाळ पट्ट्यात हाकललं. वर गुरं चढली की अतिक्रमण म्हणून गुरं जप्त व्हायची. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

साहेब बदलून गेला. दुसरा आला, तिसरा आला. तंबाखू बदलली, थुंकणं तेच. पुढे राज्यच बदललं. नवा झेंडा चढला, बाहेर वाद्यं वाजली, आणि मला वाटलं, सुटले बाई एकदाची! कसचं काय! नवे अधिकारी स्वतःला आपलीच माणसं म्हणवणारे. त्यांनी साहेबाची तसबीर उतरवली, साहेबाची खुर्ची ठेवली आणि मलाही ठेवलं. खालच्या पट्ट्यातली माणसं अर्ज घेऊन आली, की हे गोड बोलायचे, पाणी विचारायचे, आणि ती गेली की माझ्याकडे तोंड वळवायचे. कुंपणानेच शेत खाल्लं, तर दाद कुणाकडे मागायची? खरं सांगते, जुन्या साहेबापेक्षा मला यांची जास्त शिसारी आली.

पुढे कचेरीत थुंकायला बंदी झाली. मला अडगळीत टाकलं आणि तिथून एका विद्वानाने उचलून वस्तुसंग्रहालयात नेलं. त्याने माझ्या आत भिंग लावून बराच वेळ बघितलं आणि पाटी लिहिली, "समारंभाचे पात्र. आतील गडद, चकचकीत छटा पारंपरिक लेपाची असावी." लेप! अरे, थुंकी आहे ती, तुझ्याच सरकारी साहेबांची! लोक काचेला नाक लावून "काय सुंदर चमक आहे नाही?" म्हणत, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एके दिवशी दोघीजणी आल्या. एक म्हातारी, अगदी अबोल. दुसरी तिची भाची, शहरात बस चालवणारी, आवाज असा खणखणीत की पहारेकरी दचकून उठला. म्हातारीने काठावरच्या चेपलेल्या पट्टीकडे बोट दाखवलं. "हेच. माझी आजी लहानपणी हे घेऊन पायरीवरून पडली होती. तिच्या आजीने दोघांनाही आधी कुरवाळलं, मग तिला धपाटा घातला." तो धपाटा मला आठवत होता, मित्रांनो! ही मापकरणीची माणसं होती.

त्यांच्या बोलण्यातून कळलं ते असं. तो उतार सरकार आता दगडखाणीला देणार होतं. एकदा सुरुंग लागले की उतारच उरणार नव्हता, मग परत काय मागणार? म्हणून गावाने दावा लावला होता आणि मी पुरावा म्हणून कोर्टात जाणार होते.

कोर्टात मला हातमोजेवाला रखवालदार घेऊन आला. सरकारी वकील गुळगुळीत आवाजात म्हणाले, "ती जमीन मुळात रिकामी होती. शिवाय यांच्याच पूर्वजबाईंनी ती माप हाती देऊन सरकारला दिली."

बसवाली ताडकन उठली. "वकीलसाहेब, एक काय ते ठरवा! रिकामी होती, तर दिली कुणी?"

मागे हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी टेबल वाजवलं. मग बसवालीने नरमाईने विचारलं, "ते माप जरा हातात घेऊन बघू का?" वकिलांनी उदारपणे मान हलवली. रखवालदाराने मला तिच्या हातात दिलं. तिने मला काखेत मारलं आणि म्हणाली, "चल आत्या, मिळालं आपलं माप." आणि निघाली की दाराकडे!

"अहो बाई!" वकील ओरडले. "कुठे निघालात? परत द्या ते!"

"का म्हणून? तुम्हीच दिलंत की. सगळ्यांसमक्ष."

"बघायला दिलंय! हातात दिलं म्हणजे देऊन टाकलं असं होतं का कुठे?"

बसवाली थांबली. मागे वळली. "नाही होत ना?" ती म्हणाली. "माझी पूर्वज तरी दुसरं काय सांगत होती?"

वकील कोटाचं बटण चाचपत राहिले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या वासाचा विसर पडला.

पण मित्रांनो, पटणं वेगळं आणि देणं वेगळं. न्यायाधीशबाई म्हणाल्या की युक्तिवाद बिनतोड आहे, पूर्वी अन्याय झाला हेही मान्य आहे, पण इतक्या काळानंतर जमिनीला हात लावता येणार नाही. माप मात्र गावाला सन्मानाने परत करावं.

सन्मान म्हणजे काय, तेही बघितलं मी. मांडव, फुलं, फोटोवाले. मोठे अधिकारी डोळे पुसत म्हणाले, "झालं गेलं विसरून जाऊ. आज आपण ऋण फेडत आहोत." मागे डोंगरावर खाणीची यंत्रं धडधडत होती, म्हणून त्यांना दोनदा थांबावं लागलं. मग त्यांनी मला आत्यासमोर धरलं.

म्हातारी पुढे झाली. तिने जन्मभर माझी वाट बघितली होती. आणि मला, काय सांगू, मला तिच्या पदराखाली जायचं होतं. काही नको, जमीन नको, न्याय नको, नुसतं घरी ने म्हणून ओरडावंसं वाटलं. तिने मला घेतलं, काठावरची चेपलेली पट्टी कुरवाळली. मग मला उलटं केलं आणि हलवलं. काहीच पडलं नाही.

"रिकामं आहे," ती म्हणाली. जन्मभर अबोल राहिलेली बाई ती. आवाज अगदी बारीक, पण सगळ्यांना ऐकू गेला. तिने मला पुन्हा अधिकाऱ्यांसमोर ठेवलं. "भरून आणा."

अधिकारी गडबडले. फोटोवाल्यांकडे बघून हसले आणि शिपायावर खेकसले, "अरे, धाव, दुकानातून किलोभर धान्य आण! भरून टाक लवकर!"

"दुकानातलं नाही," आत्या म्हणाली आणि डोंगराकडे हात केला. "त्या उतारावरचं."

शिपाई पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. बसवालीने आत्याचा हात धरला आणि दोघी मला तिथेच टाकून निघून गेल्या. निम्म्याहून जास्त गाव त्यांच्यामागून गेला. मला सोडून गेल्या म्हणून मला रडू यायला हवं होतं. आलंही. पण त्या मांडवात त्या दिवशी मी पिकदाणी नव्हते, समारंभाचं पात्र नव्हते. मी माप होते.

आता मी पुन्हा काचेत आहे. गावाने वरच्या कोर्टात दाद मागितली आहे. उताराचा एक कोपरा खाणीने खाल्ला आहे, बाकीचा अजून आहे. आत्या थकली आहे, असं बसवाली परवा रखवालदाराला सांगत होती. तिच्या हयातीत मी घरी पोचेन की नाही, कोण जाणे.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. जुन्या वस्तू पुसून काचेत ठेवणं म्हणजे त्यांची काळजी घेणं नव्हे. कुणाचं काही घेतलं असेल, तुम्ही नाही तर तुमच्या वाडवडिलांनी घेतलं असेल, तर नुसती क्षमा मागून भांडं पुढे करू नका. आणि कधी इथे आलात, तर ती लेपाची पाटी वाचत उभे राहू नका. टाचा उंचावून माझ्या आत बघा. अजून रिकामंच आहे.