भोपळ्याचं मैदान

टेलरबाईंचा कुत्रा भोपळ्या दोन्ही डोळ्यांनी ठार आंधळा होता, तरी समोरच्या मैदानात सोडला की सुसाट पळायचा. डोळे शाबूत असताना त्याने ते मैदान पाठ करून ठेवलं होतं. मोठं झाड आलं की वळायचा, बाकाला वळसा घालायचा, आणि कुंपणाच्या अलीकडे असा थांबायचा की बघणाऱ्याला वाटावं, हा सोंग तर करत नाही ना! बाकी सगळ्या जगात मात्र त्याचे हाल होते. दिवसभर तो बाईंच्या शिलाई मशीनखाली अंग चोरून पडायचा. दुसऱ्या रस्त्याला नेला तर फुटपाथवर फतकल मारून बसायचा आणि थरथरायचा. बाईंनी नदीकाठ करून पाहिला, शाळेमागची पायवाट करून पाहिली, शेवटी हात टेकले. दुकानाच्या पायरीवरून उतरून, रस्ता ओलांडून, विजेच्या खांबाला नाक लावून फाटकातून आत, एवढंच त्याचं जग.

तिथे गाड्यांसाठी पार्किंग होणार ही बातमी आली तेव्हा बाकीच्यांना राग आला. बाईंनी मशीनखाली पडलेल्या भोपळ्याकडे पाहिलं.

मैदानात कुत्री घेऊन येणारी मंडळी वर्षानुवर्षं रोज भेटत, पण एकमेकांची नावं कोणालाच ठाऊक नव्हती. दाताचे डॉक्टर म्हणजे बिजलीचे बाबा. सत्तरी ओलांडलेल्या निवृत्त हेडबाई म्हणजे राजकन्येची आई. टेलरबाई अर्थातच भोपळ्याची आई. या सगळ्या आईबाबांनी मिळून मैदान वाचवायचं ठरवलं. सह्या गोळा केल्या, नगरसेवकांना भेटले. ते म्हणाले, "बघतो." हा गृहस्थ निवडून आल्यापासून नुसता बघतच होता. पण अखेर एवढं झालं, की मैदानाचा खरंच किती वापर होतो ते पाहायला एक साहेब येणार असं कळलं.

"सगळी कुत्री आणू या," हेडबाई म्हणाल्या. "गर्दी दिसू दे त्यांना."

"छे छे, भलतंच काय!" टेलरबाई घाईघाईने म्हणाल्या. "समोरच्या बिल्डिंगवाल्यांची तक्रार काय? भुंकणं आणि घाण. साहेबांसमोर नेमकं तेच करून दाखवायचं? अहो, माझ्या धंद्यात टाका दिसला की गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं. शिवलंय कुठे ते कळता कामा नये, तेच काम चांगलं."

सगळ्यांना पटलं. पटणारच. या मंडळींचं अर्धं आयुष्य कुत्र्यांपायी लोकांची माफी मागण्यात गेलेलं. कोणी नुसतं वळून पाहिलं तरी यांच्या तोंडून आधी "सॉरी" बाहेर पडायचं.

मग काय, लग्नघर आवरावं तसं मैदान आवरलं. कुत्र्यांनी उकरलेले खड्डे बुजवले, चावलेले चेंडू गोळा केले, पाण्याची भांडी झाडामागे दडवली. दंगेखोर, भुंकणारी, अंगावर उड्या मारणारी सगळी घरी कोंडली. चार गरीब स्वभावाची तेवढी पट्टा लावून बाकाशेजारी बसवली. भोपळ्या पळताना आनंदाने विव्हळायचा, म्हणून बाईंनी त्यालाही दुकानात ठेवून दार ओढून घेतलं.

साहेब आले. सगळीकडे फिरले. "जागा फारच छान ठेवलीय हो तुम्ही," ते म्हणाले. "पण इथे येतं कोण?"

"पुष्कळ येतात!" डॉक्टर म्हणाले.

"कुठे आहेत?"

"घरी आहेत. आज मुद्दाम नाही आणली."

साहेबांनी चार कुत्र्यांकडे पाहिलं. त्यांतलं एक झोपलं होतं. तेवढ्यात रस्त्यापलीकडे भोपळ्या दाराला नखं घासत रडायला लागला.

"ते कोणाचं?"

"माझं. माफ करा साहेब, आत्ता गप्प करते," बाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि जीभ चावली. पण शब्द गेला तो गेलाच.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. "मी दिसतं तेवढंच लिहू शकतो, बाई," तो म्हणाला. "आत मैदान रिकामं दिसलं, आणि बाहेर गाड्यांना उभं राहायला जागा नाही, तेही दिसलं."

"थांबा ना जरा, आम्ही घेऊन येतो सगळ्यांना!" हेडबाई त्या वयात पळत सुटल्या. सगळेच पळाले. थोड्या वेळाने मैदान कुत्र्यांनी नुसतं गजबजून गेलं. भुंकणं, धावणं, खड्डे, सगळं जिथल्या तिथे. साहेबांची गाडी केव्हाच निघून गेली होती.

पुढे फलक झाले, मानवी साखळी करून उभं राहणं झालं. प्रत्येक टेबलावर एकच उत्तर मिळालं, "पाहणी झालेली आहे." बाईंना कोणी एका शब्दाने बोललं नाही. राजकन्येची आई तर उलट त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. त्यापेक्षा कोणीतरी चार शब्द सुनावले असते तर बरं, असं बाईंना वाटायचं.

एका सकाळी फाटक काढून तिथे पत्रे ठोकले. बाई भोपळ्याला नेणारच नव्हत्या; पण तो दाराशी बसून असा विव्हळायला लागला की त्यांच्याने राहवलं नाही. म्हटलं, एकदा कळू दे त्याला.

तो पायरी उतरला, रस्ता ओलांडला, खांबाला नाक लावलं आणि शेपूट हलवत आत शिरायला गेला. पत्रा धाडकन वाजला. भोपळ्या दचकून मागे सरला. कान पाडून क्षणभर उभा राहिला. मग वळून पुन्हा खांबापाशी गेला, खांब नीट हुंगला आणि तसाच परत आला. आपलंच चुकलं असं वाटलं होतं त्याला. पुन्हा पत्रा वाजला.

"नाही रे बाळा, तुझं नाही चुकलं," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना. "अरे, तुझं नाही चुकलं."

तो तिसऱ्यांदा खांबाकडे निघाला. त्याला कसं सांगावं ते बाईंना कळेना. त्या खाली बसल्या आणि त्याचं नाक जिथे आपटत होतं तिथे, पत्र्यावर, आपला तळहात धरून राहिल्या.