जाऊबाई छपरावर, मी बाकाखाली

मी बाकाखालची बॅटरी बोलतेय. वर बघू नका, वर जाऊबाई आहेत. सोलर प्लेट! या घरी येणारा प्रत्येकजण आधी मान वर करतो. माझ्याकडे बघायला वाकावं लागतं, आणि वाकायला कोणाला आवडतं?

कारखान्यात माझ्या सहा कप्प्यांत आम्ल भरलं, सहा बुचं लावली आणि टेम्पोतून मी जाऊबाईंबरोबरच इथे आले. विजेचे खांब खालच्या वळणावरच थांबलेत. त्यामुळे दोन दिवे आणि शिंपीणबाईंच्या मशीनची मोटर आमच्याच जिवावर. वायरमनने जाऊबाईंना छपरावर चढवलं, मला बाकाखालच्या खोक्यात सरकवलं आणि शिंपीणबाईंना बजावलं, "प्लेट रोज पुसा. बॅटरीत महिन्यातून एकदा या बाटलीतलं पाणी घाला. दुसरं कुठलं नाही."

झालं! जाऊबाईंना रोज सकाळी ओल्या फडक्याने आंघोळ, आणि माझ्या डोक्यावर चिंध्यांचं गाठोडं. दिवस मावळला की त्या गप्प पडायच्या आणि शिंपीणबाई माझ्या जोरावर गणवेश शिवायच्या. तरी लोक म्हणायचे, "काय कमाल आहे हो तुमच्या प्लेटची!" माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

माझं दुःख कळलं ते एकट्या आजींना. आजी म्हणजे शिंपीणबाईंच्या सासूबाई, बाकावर बसून काजं-बटणं करायच्या. एका दुपारी सून कपडे पोचवायला गेलेली. आजींनी खोका उघडला.

"तिचे एवढे लाड, आणि तुला पाणीही कोणी विचारत नाही ना गं?"

एकेक बूच काढून त्यांनी मडक्यातलं गार पाणी ओतलं आणि मऊ कापडाने माझं अंग पुसलं. हे पाणी आपल्याला बाधणार, हे मला कळत होतं. पण बोलता आलं असतं, तरी मी बोलले नसते. पुढे दर आठवड्याला मी त्या दुपारची वाट बघू लागले.

व्हायचं तेच झालं. मशीन अर्ध्या शिवणीत थांबायला लागलं. गणवेश रखडले. शिंपीणबाई जाऊबाईंना दिवसातून दोनदा पुसू लागल्या. आजारी मी, आणि आंघोळ त्यांना!

शेवटी वायरमनने माझी बुचं उघडली. "हिच्यात साधं पाणी कोणी घातलं?"

आजींची सुई थांबली. "मी. तहानलेली वाटली मला."

शिंपीणबाई काही बोलणार होत्या, पण त्यांची नजर कोपऱ्यातल्या बाटलीवर गेली. तिचं सीलही फोडलेलं नव्हतं. "चूक माझीच आहे, आई," त्या म्हणाल्या. "दर महिन्याला मीच विसरले."

आता मी दाराशी भंगारच्या टेम्पोची वाट बघतेय. माझ्या खोक्यात नवी बॅटरी बसलीय. जाऊबाई वर चकाकताहेत, माझ्यासारख्या चार जावांना तरी पुरून उरतील.

नवीला बाटलीतलंच पाणी घाला, वेळेवर घाला. पण ते सुनेने घालावं. आजी, तुम्ही नका हो तिची बुचं उघडू. तेवढं एक माझ्याच वाट्याचं राहू दे.